‘आम्ही’, ‘आपण’ आणि परराष्ट्र धोरण

सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. शिजियाझुआंग या चिनी शहरात त्यांचा पुतळा उभा आहे. मला तरी चीन हा देश भूगोलाच्या पुस्तकाआधी कोटणीसांच्या गोष्टीतूनच कळला.

आता शहराच्या पूर्व भागातला एक टॉवेल कारखानदार डोळ्यांपुढे आणा. खरा कुणी नको, कल्पनेतला चालेल. त्याला कोटणीस स्मारकात उभं करून विचारलं, ‘चीनबद्दल काय वाटतं?’ तर तो म्हणेल, ‘आपल्या माणसाला त्यांनी मान दिला बघा, अजून देतात.’ त्यालाच दुपारी कारखान्यात, माग धडधडत असताना विचारलं तर म्हणेल, ‘मशीन त्यांची परवडते, पण बाहेरच्या बाजारात त्यांच्या मालापुढं टिकायचं म्हणजे जीव जातो.’ आणि रात्री जेवताना टीव्हीवर गलवानची दृश्यं परत दाखवली, १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान तिथं गेले ते पुन्हा आठवलं, की तोच माणूस हातातला घास तसाच ठेवून म्हणेल, ‘त्यांचं काही म्हणता काही घ्यायचं नाही आता.’

एका दिवसात एकाच माणसाची तीन मतं, आणि तिन्ही मनापासूनची. सकाळी बोलला तो सोलापूरकर, दुपारी बोलला तो कारखानदार, रात्री बोलला तो भारतीय. चीन दिवसभर तोच होता. या लेखात मला एवढंच उलगडून सांगायचं आहे: परदेशाबद्दलचं आपलं मत त्या देशाबद्दल जेवढं सांगतं, त्याहून जास्त ते त्या क्षणी आपल्यातलं कोण जागं आहे हे सांगतं.

असं का होतं, याचं एक साधं कारण आहे. नळाला पाणी आलं की नाही हे कळायला आपल्याला कुणाचं भाषण ऐकावं लागत नाही. रस्त्यातला खड्डा पायाला कळतो, सुताचा भाव वाढला की वहीत कळतो. परराष्ट्र धोरणाचं तसं नसतं. संयुक्त राष्ट्रांत भारतानं एखाद्या ठरावावर मत दिलं की तटस्थ राहिला, याचा परिणाम दिसायला वर्षं जातात आणि दिसला तरी तो त्याच मतदानाचा होता हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. स्वतः पडताळून बघता येत नाही अशा गोष्टीत माणूस आपल्या माणसांकडे बघतो. आपल्यासारखे लोक काय म्हणतात, ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो काय म्हणतो, आपल्या घरात या देशाचं नाव कसं घेतलं जायचं, यावरून तो मत बांधतो. यात मूर्खपणा नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दुसरा मार्गच नसतो. पण मग ‘आपली माणसं’ म्हणजे कोण, हा सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसतो.

इथं मराठी भाषा आपल्याला एक फार नेमकं साधन देते. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो आत आला. हिंदीत दोन्हीला ‘हम’च. कन्नडमध्येही आज दोन्हीला ‘नावु’. पण सोलापुरातल्या पद्मशाली घरांमध्ये बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत हा फरक मराठीसारखाच आहे: ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. समाजशास्त्रज्ञ ज्याला सामाजिक ओळख म्हणतात, तिचं निम्मं मर्म या दोन सर्वनामांत आहे. ‘आपण’च्या वर्तुळात कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, हे आधी ठरतं. कोणता देश मित्र आणि कोणता शत्रू, हे बऱ्याचदा त्यामागून येतं.

हे वर्तुळ किती सहज आखलं जातं, ते हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं. त्यांचं आयुष्यच या प्रश्नानं घडलेलं होतं. ते पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू, फ्रान्समध्ये शिकत होते. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढले आणि जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैदी म्हणून पाच वर्षं काढताना आपण मूळचे पोलंडचे आहोत हे त्यांनी जर्मनांना कळू दिलं नाही. फ्रेंच कैदी म्हणून ते वाचले. सुटून आले तेव्हा घरचे जवळजवळ सगळे मारले गेले होते. आपण कोणत्या खान्यात मोडतो यावर जगणं-मरणं ठरतं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं.

पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांनी शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात म्हणून तू या गटात, तुला कँडिन्स्कीची आवडतात म्हणून तू त्या गटात. खरं तर वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. गटात आणखी कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. भांडण नाही, जुनं वैर नाही, भेटगाठसुद्धा नाही. मग त्यांना दोन अनोळखी मुलांमध्ये गुण वाटायला दिले, एक आपल्या गटातला, एक दुसऱ्या. गुणांचे पैसे मिळणार होते. पर्यायांची जी पट्टी पुढे ठेवली होती तिच्या एका टोकाला आपल्या मुलाला १९ आणि परक्याला २५ असे गुण होते, दुसऱ्या टोकाला आपल्याला ७ आणि परक्याला १. दोघांचं भलं पहिल्या टोकाला होतं. बरीच मुलं मात्र दुसऱ्या टोकाकडे झुकली. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सोलापूरच्या बाजारातलं व्यापाराचं बोलणं आठवलं. दोन देशांमधला व्यापारी करार चांगला की वाईट, हे ठरवताना माणूस स्वतःच्या खिशाचा हिशेब करत असेल, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत एडवर्ड मॅन्सफिल्ड आणि डायना मुट्झ यांनी २००९ साली याचा अभ्यास मांडला. त्यांना आढळलं ते वेगळंच. खुल्या व्यापाराबद्दलचं लोकांचं मत त्यांच्या स्वतःच्या धंद्या-नोकरीवरून फारसं ठरत नव्हतं. देशाचं एकूण काय होतंय असं त्यांना वाटतं आणि परक्या लोकांविषयी मनात किती धास्ती आहे, यावरून ते जास्त ठरत होतं. पुढे २०१७ मध्ये मुट्झ आणि युनजी किम यांनी दाखवलं की जगाकडे स्पर्धा म्हणून बघणाऱ्या काही अमेरिकनांना दोन्ही देशांचं भलं करणाऱ्या करारापेक्षा आपला फायदा आणि समोरच्याचा तोटा करणारा करार जास्त आवडतो. ब्रिस्टलच्या मुलांची ती ७ आणि १ ची जोडी इथं देशांच्या पातळीवर दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयात शुल्क आधी २५ टक्के केलं आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के चढवलं. टॉवेल, चादरी, घरात लागणारं सुती कापड, या सगळ्याला अमेरिका हे मोठं गिऱ्हाईक. म्हणजे हा विषय सोलापूरच्या थेट पोटावर आलेला. तरी त्या दिवसांत मला दोन्ही सूर ऐकायला मिळाले. ‘तेल दुसरीकडून घ्या, पण आमचा माल जाऊ द्या’ असं म्हणणारेही होते आणि ‘माल पडून राहिला तरी चालेल, झुकायचं नाही’ असं म्हणणारेही. ही दुसरी माणसं मला हट्टी वाटत नाहीत. देशाचा मान हा त्यांच्या दृष्टीनं स्वतःचाच मान असतो आणि मानाचा हिशेब रुपयांत होत नाही. पण पहिल्या सुराला ‘स्वार्थी’ म्हणून गप्प केलं गेलं की मला वाईट वाटतं, कारण त्याच्या मागे मागावर काम करणाऱ्या माणसांचा आठवड्याचा पगार असतो.

आता ओळखीचं सगळ्यात जोरकस रूप: पक्ष. सीरियाच्या सरकारनं आपल्याच लोकांवर रासायनिक अस्त्रं वापरल्याचा आरोप दोनदा गाजला, २०१३ मध्ये आणि २०१७ मध्ये. दोन्ही वेळा अमेरिकेत लोकांना विचारलं गेलं, सीरियावरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याला तुमचा पाठिंबा आहे का? वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी यांच्या पाहणीत २०१३ साली, ओबामा अध्यक्ष असताना, रिपब्लिकन मतदारांपैकी २२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१७ साली, ट्रम्प अध्यक्ष असताना, त्याच पक्षाचे ८६ टक्के. डेमोक्रॅट मतदारांचा आकडा पहिल्यांदा ३८ होता, नंतर ३७. सीरिया तोच, आरोप तसाच, अस्त्रंही तशीच. बदललं होतं ते मुख्यतः हुकूम देणाऱ्याचं नाव. यावरून रिपब्लिकन लोकच तसे असतात असा निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या एखाद्या प्रश्नावर डेमोक्रॅट असेच उलटे फिरलेले दिसतील. मला हे आकडे आरशासारखे वाटतात. मी कोणत्या पक्षाला मत देतो हे आठवून, गेल्या वीस वर्षांत पाकिस्तानशी चर्चा करावी की नाही यावर मी काय काय बोललो याचा ताळा घातला, तर माझीही दोन-तीन वळणं मला सापडतात.

शिकल्या-सवरल्या माणसाला हे होत नाही, असं समजू नका. रोज तीन वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसाला आपल्या गटाची भूमिका काय आहे हे लवकर कळतं आणि तिच्यासाठी मुद्देही चटकन सुचतात, इतकंच.

पण पक्ष हे वरचं पातळ थर झाले. खाली आठवणी असतात आणि सोलापूरच्या आठवणी फार खोल आहेत. आज पाकिस्तानची सरहद्द इथून शेकडो मैलांवर आहे. १९४८ साली मात्र ‘परकं राज्य’ दारातच होतं. सोलापूर मुंबई प्रांतात आणि जेमतेम पन्नास किलोमीटरवरचं नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हैदराबाद भारतात यायला तयार नव्हतं. त्यांनी आपलं गाऱ्हाणं थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं नेलं होतं. रझाकारांच्या जुलमाला कंटाळून तिकडची कुटुंबं सोलापूरकडे आली. संस्थानाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या छावण्या सरहद्दीलगत होत्या. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची फौज सोलापूरच्या बाजूनं निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली.

या घटनेच्या दोन आठवणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एका घरात आजी सांगते, रझाकारांच्या भीतीनं रातोरात गाव सोडलं, बैलगाडीत पोरं घातली आणि मिलिटरी आली तेव्हा सुटलो. दुसऱ्या घरात आजी सांगते, मिलिटरी आल्यानंतर गावात जे झालं त्यात आमची माणसं गेली. पंडित सुंदरलाल समितीनं त्यानंतर मराठवाडा-कर्नाटकातली गावं हिंडून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वांत जास्त प्राणहानी झाली आणि संस्थानभर मिळून मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात असावा, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. यातले उस्मानाबाद आणि गुलबर्गा सोलापूरला लागून आहेत.

या दोन्ही घरांतली आजची नातवंडं एकाच कॉलेजात जातात, एकाच गाड्यावर भजी खातात. पण ‘सैन्य’, ‘सरहद्द’, ‘पाकिस्तान’ हे शब्द बातमीत आले की दोघांच्या कानांत ते वेगवेगळ्या घरांतून उतरतात. परराष्ट्र धोरणावरचं मत बातमी ऐकल्यावर सुरू होत नाही. ते आजीच्या मांडीवर सुरू झालेलं असतं.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. गाझातल्या बॉम्बहल्ल्यांची बातमी आली की विजापूर वेशीतल्या किंवा शास्त्रीनगरातल्या मुसलमान माणसाला ती जवळची वाटते. तमिळनाडूत श्रीलंकेच्या तमिळांचा प्रश्न निघाला की तमिळ माणूस पेटतो. मार्च २०१३ मध्ये याच प्रश्नावरून द्रमुकनं केंद्रातल्या मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता. बांगलादेशात हिंदूंच्या घरांवर हल्ले झाले की सोलापुरात निषेध होतो. कर्तारपूरच्या गुरुद्वाराचा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ ला खुला झाला तेव्हा शीख माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो मार्ग पाकिस्तानात जात होता. मन चारही ठिकाणी एकाच वाटेनं चाललंय: दूरच्या देशात आपल्यासारखं कुणीतरी आहे, त्याचं दुःख आपलं आहे. तरीही यातल्या एका आपुलकीला आपण ‘स्वाभाविक’ म्हणतो आणि दुसरीकडे बोट दाखवून निष्ठेचा प्रश्न विचारतो. हे मला मान्य नाही. तमिळ माणसाला जाफन्याविषयी वाटण्याचा जेवढा हक्क, तेवढाच सोलापूरच्या मुसलमानाला गाझाविषयी आणि तेवढाच हिंदूला ढाक्याविषयी. त्या भावनेतून पुढे जी मागणी येते ती देशाच्या हिताची आहे की नाही, यावर खुशाल वाद घालावा. भावनेवरून माणसाला परका ठरवू नये. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीय रहिवाशांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यांतले कित्येक कोलकाता-आसामात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचे चेहरे शत्रूसारखे दिसत होते.

इस्रायलच्या बाबतीत तर मराठी माणसाला ओळखींचा गुंता फार चांगला दिसू शकतो. भारतानं १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनच्या राज्याला मान्यता दिली आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९९२ मध्ये. धोरण असं पावलापावलानं सरकलं. पण आपल्या कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली लोक होते. मराठी बोलणारे ज्यू. त्यांतले हजारो इस्रायलला गेले आणि तिथं मराठीही घेऊन गेले. त्यामुळे कुणाला इस्रायल जवळचा वाटतो तो भाषेमुळे, कुणाला शेतीतल्या ठिबक सिंचनामुळे, कुणाला ‘शत्रूचा शत्रू’ या हिशेबानं, तर कुणाला पॅलेस्टाइन जवळचा वाटतो तो धर्मामुळे आणि कुणाला आपणही कधी गुलाम होतो या आठवणीमुळे. एकच नकाशा, पण प्रत्येकाचं बोट वेगळ्या गावावर.

देशप्रेमातसुद्धा दोन जाती आहेत, हे अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच वेगळं करून दाखवलं. आपल्या देशावर जीव असणं ही एक गोष्ट. आपला देश दुसऱ्यांहून वरचढ आहे आणि असायलाच हवा, ही दुसरी. आईवर प्रेम करायला शेजारणीला नावं ठेवावी लागत नाहीत. पण संकटाच्या वेळी दोन्ही एकमेकांत मिसळतात. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, ७ मे ला भारतानं कारवाई केली, तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणं बंद केलं. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर भारताची पथकं तिथं ढिगारे उपसत होती आणि त्या मोहिमेचं नावच ‘ऑपरेशन दोस्त’ होतं. दोन्ही वेळा आपल्याला बरोबरच वाटलं, मलाही. भूकंपाच्या बातमीनं आपल्यातला माणूस जागा केला होता, पहलगामच्या बातमीनं भारतीय. तुर्कस्तानचा तो सफरचंदवाला शेतकरी दोन्ही वेळा आपापल्या बागेतच होता.

कधी उलटंही होतं, धोरणाचा प्रश्नच नवी ओळख जन्माला घालतो. ब्रिटननं २३ जून २०१६ ला युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, साधारण ५२ विरुद्ध ४८ असा. त्यानंतर लोक स्वतःला पक्षापेक्षाही ‘बाहेर पडणारे’ आणि ‘राहणारे’ म्हणून जास्त ओळखू लागले. एका दिवसाच्या मतदानातून घराघरात दोन जमाती तयार झाल्या.

आणि ज्या धोरणात कुणी शत्रू नसतो, ते आपल्याला धोरण म्हणून दिसतच नाही. याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण सोलापुरातच आहे. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडे जा. दारात सूप मांडीवर घेऊन, तेंदूची पानं कापून, दिवसभर विड्या वळणाऱ्या हजारो बायका या शहरात आहेत, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २००४ मध्ये मंजूर केला, तो २००५ पासून लागू झाला. त्या वाटेनं पुढे एप्रिल २०१६ पासून विडी-सिगारेटच्या पुड्यावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र आलं. तंबाखूनं माणसं मरतात, करार योग्यच आहे असं मी मानतो. पण या बायकांच्या हजार विड्यांच्या मजुरीवर ज्या आंतरराष्ट्रीय निर्णयाची सावली पडते तो हा आहे. बालाकोट नाही, गलवान नाही. त्यांना कुणी माइक पुढे करून ‘भारताच्या परराष्ट्र धोरणाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं तर त्या हसून म्हणतील, ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय, साहेब.’ जिनिव्हातल्या या तंबाखू करारात ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. म्हणून तो विषय त्यांचा असूनही त्यांचा वाटत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ओळखी आपल्याजवळ पुष्कळ असतात आणि त्यांतली कोणती जागी करायची हे बऱ्याचदा दुसरं कुणी ठरवतं. सभेतला नेता, बातम्या देणारा माणूस, मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ. मी अलीकडे एक सवय लावून घेतली आहे. बातमीत ‘आपण’ हा शब्द आला की थांबतो आणि विचारतो, या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे? माझा शेजारी आहे का? मागावरचा कामगार आहे का? मग देशांची नावं बदलून तीच बातमी परत वाचतो. इराणच्या जागी इस्रायल, चीनच्या जागी अमेरिका. मत तेच राहिलं तर ते विचाराचं आहे असं धरतो. पालटलं तर ते माझ्या गटानं माझ्यासाठी ठरवलेलं होतं. माझं बऱ्याचदा पालटतं.

हे वर्तुळ अरुंद करता येतं तसं रुंदही करता येतं, याचा पुरावा सोलापूरच्या चौकात उभा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर उसळलं आणि इंग्रजांनी इथं मार्शल लॉ पुकारला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. ही नावं सावकाश वाचली तर सोलापूरच्या सगळ्या पेठा त्यांत सापडतात. घरी बोलायची भाषा वेगळी, देव वेगळा, आडनावं चार दिशांची. फाशीचा हुकूम देणाऱ्यांच्या लेखी ते एक होते आणि त्यांच्या स्वतःच्या लेखीही.

कोटणीस चीनला गेले ते त्यानंतर सातच वर्षांनी. देश तेव्हा पारतंत्र्यात होता, स्वतःचं परराष्ट्र धोरण असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, जपाननं चढाई केलेल्या चीनसाठी पाच भारतीय डॉक्टरांचं पथक पाठवलं गेलं. ब्रिटिशांच्या टाचेखालचा भारत आणि जपानच्या टाचेखालचा चीन, असं ते ‘आपण’ होतं. माओच्या सैन्याबरोबर हिंडणारे कोटणीस तिथं ‘के दीहुआ’ या चिनी नावानं ओळखले गेले. १९४१ मध्ये त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी यिनहुआ ठेवलं. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. १९६२ यायला तेव्हा वीस वर्षं होती.